रंगवणारे हात

संहारासाठी घडवलेली वस्तू सुंदर असू शकते काय, आणि असली तर तिच्या सौंदर्यावर मन जडवणे नीतीला धरून आहे काय? हा प्रश्न तलवारीइतकाच जुना आहे. संग्रहालयात मुठीवर सोन्याची वेलबुट्टी असलेली तलवार पाहताना तो आपल्याला फारसा बोचत नाही. तिने कोणाचा कंठ चिरला हे सांगणारे कोणी उरलेले नसते. पण जे शस्त्र आपल्या आजोबांच्या हयातीत चालले, ज्याच्या छायेतून वाचलेली माणसे कालपरवापर्यंत साक्ष देत होती, त्याची प्रतिकृती एखादा मनुष्य घरातल्या टेबलावर महिनोन्महिने खपून जुळवतो, रंगवतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो, तेव्हा तो प्रश्न पुन्हा जिवंत होतो. दुसऱ्या महायुद्धातील जपानी नौदलाच्या 'झिरो' या लढाऊ विमानाचे उदाहरण मी येथे घेतो. ते मी स्वतः जुळवले आहे, म्हणून त्याविषयी ऐकीव न बोलता बोलता येईल.

खोके उघडले की प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकलेले लहानमोठे भाग समोर येतात. अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाच्या मापात अकरा मीटर रुंदीचे हे विमान सुमारे तेवीस सेंटिमीटरचे होते, म्हणजे दोन्ही तळहातांवर सहज मावते. काम नेहमी वैमानिकाच्या बैठकीपासून सुरू होते, कारण धडाचे दोन अर्धे एकदा चिकटवले की आत ब्रश जात नाही. आतला रंग हिरवा. पण मित्सुबिशीच्या कारखान्यात बनलेल्या विमानाचा हिरवा वेगळा आणि नाकाजिमाच्या कारखान्यातला वेगळा. (दहा हजारांहून अधिक झिरो विमाने बनली, त्यांपैकी निम्म्याहून जास्त नाकाजिमाने बनवली.) चाकांच्या खोबणीत आणि न दिसणाऱ्या पोकळ्यांत 'आओताके' नावाचा पारदर्शक निळसर-हिरवा लेप असे. तो साधायचा तर आधी चांदीचा रंग द्यावा लागतो आणि त्यावर पातळ निळी-हिरवी झिलई, म्हणजे खालची धातू चमकत राहते. बाहेरच्या रंगाची कथा तर न संपणारी आहे. युद्धाच्या पूर्वार्धातील झिरोचा करडा रंग किती पिवळसर होता, त्यात हिरवट झाक किती होती, यावर जाणकार मंडळी अनेक दशके वाद घालीत आली आहेत. पडलेल्या विमानांचे पत्र्याचे तुकडे जपून ठेवलेले आहेत, ते उजेडात धरून पाहिले जातात, आणि इतक्या वर्षांत रंग उडाला की मुळातच तसा होता यावर निबंध लिहिले जातात. ही चिकाटी पाहून हसू येते, आणि आदरही वाटतो. एखाद्या गोष्टीविषयी खरे काय होते ते जाणून घेण्यासाठी माणसे एवढे कष्ट घेत असतील, तर त्या कष्टांना क्षुल्लक म्हणवत नाही.

विमान सुंदर आहे, यात शंका नाही. त्याचे सौंदर्य वरून चिकटवलेले नाही. ते गरजेतून जन्मले आहे. १९३७ साली जपानी नौदलाने ज्या अटी घातल्या त्या परस्परविरोधी होत्या: वेग हवा, चपळता हवी, समुद्रावर दूरवर जाण्याची क्षमता हवी, आणि एंजिन मात्र हजार अश्वशक्तीच्या आतबाहेरचे. जिरो होरिकोशी या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर एकच उपाय काढला, वजन कमी करणे. पंखांच्या तुळईसाठी नवा हलका मिश्रधातू वापरला, पंख आणि धडाचा मधला भाग एकसंध केला, पृष्ठभागावर रिव्हेटचे डोके वर राहू दिले नाही. पहिले विमान नागोयाच्या कारखान्यातून कागामिगाहारा येथील धावपट्टीवर न्यायचे होते. अंतर सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर आणि रस्ता खडबडीत, म्हणून ते सुटे करून चक्क बैलगाड्यांवर लादून नेले. १ एप्रिल १९३९ रोजी ते प्रथम उडाले. १९४० हे जपानी राजशकाचे २६०० वे वर्ष. त्या अखेरच्या शून्यावरून विमानाला नाव पडले.

आता पुन्हा त्या बैठकीकडे येऊ. झिरोतील वैमानिकाचे आसन पातळ पत्र्याचे असून त्याला जागोजागी गोल भोके पाडलेली आहेत. अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात ती सुईच्या टोकाएवढी होतात आणि ती स्वच्छ राहतील असा रंग देणे हे जिकिरीचे काम असते. ही भोके कशासाठी? काही ग्रॅम वजन वाचवण्यासाठी. त्या आसनामागे पोलादी पत्रा शोधला तर सापडत नाही. कारण तो मुळात बसवलेलाच नव्हता. गोळी लागताच आपोआप बुजणारी इंधनटाकीही नव्हती. नंतरच्या काही आवृत्त्यांत थोडेफार चिलखत आले, पण तोवर वेळ निघून गेली होती. म्हणजे ज्या लालित्याने आपण मोहून जातो, त्याच्या किमतीचा एक भाग त्या आसनात बसणाऱ्या माणसाच्या संरक्षणातून काढून घेतलेला होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या लढाईत याच विमानांना अडीचशे किलोचे बॉम्ब बांधून ती वैमानिकासह जहाजांवर आदळवण्यास आरंभ झाला. हा निर्णय सेनापतींचा होता, होरिकोशीचा नव्हे. पण मला वाटते, भोकाभोकांच्या त्या आसनात त्या निर्णयाची पूर्वखूण दिसते. माणूस हा वजनाच्या हिशोबातला एक आकडा, हे आधीच ठरले होते. कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा हे मला त्या सेंटिमीटरभर उंचीच्या तुकड्याने अधिक स्पष्ट सांगितले, आणि तेही रंग नीट बसावा म्हणून मी त्याच्याकडे भिंगातून पाहत होतो म्हणून.

कारागिरी आणि नीती यांच्या नात्याविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका'त दोन ठिकाणी जे विवेचन केले आहे ते येथे उपयोगी पडते. एके ठिकाणी ते म्हणतात की कलेतील चांगुलपणा हा कृतीचा चांगुलपणा असतो. कारागिराची स्तुती त्याच्या हेतूसाठी होत नाही, त्याने केलेली वस्तू कशी उतरली यासाठी होते. दुसऱ्या ठिकाणी ते वस्तूंचे वर्ग पाडतात. जिचा उपयोग पापावाचून होऊच शकत नाही, उदाहरणार्थ पूजेसाठी घडवलेली मूर्ती, ती घडवणारा दोषी ठरतो. पण तलवार आणि बाण यांच्यासारख्या ज्या वस्तू भल्या आणि बुऱ्या दोन्ही कामी येतात, त्या घडवण्यात दोष नाही. हा निवाडा वाचून शस्त्र घडवणाऱ्याला हायसे वाटेल. परंतु बारकाईने पाहिले तर अक्वायनस त्याला पूर्ण मोकळा सोडीत नाहीत. एखाद्या कलेची निर्मिती बहुतांशी वाईटाच्याच कामी येत असेल, तर राज्यकर्त्याने ती कला बंद पाडावी, असेही ते प्लेटोच्या आधाराने पुढे सांगतात. म्हणजे वस्तू निर्दोष आहे की नाही हे तिच्याकडे एकटीकडे पाहून ठरत नाही. ती कोणाच्या हाती, कोणत्या काळात, कशासाठी जाते हे पाहावे लागते.

झिरो कोणाच्या हाती गेले ते सर्वांना ठाऊक आहे. १३ सप्टेंबर १९४० रोजी चीनची युद्धकालीन राजधानी चुंगकिंग येथे तेरा झिरो विमानांनी चिनी विमानांचा तांडा मोडून काढला. स्वतःचे एकही विमान गमावले नाही. वैमानिकी विक्रम म्हणून ही घटना पुस्तकांत सांगितली जाते. त्या विक्रमाचा अर्थ जमिनीवरच्या माणसांसाठी असा होता की आता बॉम्बफेकी विमानांना अडवणारे आकाशात कोणी उरले नाही. पुढच्या वर्षी, ५ जून १९४१ च्या रात्री, त्याच शहरातील एका भुयारी आसऱ्यात हवेअभावी आणि चेंगराचेंगरीत असंख्य नागरिक मरण पावले. आपल्या बाजूलाही हे विमान येऊन गेले. ५ एप्रिल १९४२ रोजी, ईस्टरच्या रविवारी सकाळी, कोलंबोवर झालेल्या हल्ल्यात झिरो विमानांनी ब्रिटिशांची संथ स्वॉर्डफिश विमाने एकामागून एक पाडली. दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे जपानी विमानांनी बॉम्ब टाकले.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे खऱ्या विमानाचे झाले. प्लॅस्टिकला पाप लागत नाही. प्रतिकृती कोणाला मारीत नाही, तिचा उपयोग डोळ्यांच्या सुखापलीकडे काही नाही. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण प्रतिकृतीचाही इतिहास आहे. १९४२ च्या आरंभी अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळकरी मुलांना विमानांच्या पाच लाख प्रतिकृती लाकडात कोरून देण्याचे आवाहन केले. माप बहात्तराव्या हिश्शाचे आणि रंग सर्वांना एकच, काळा. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते, म्हणून तोफखान्यावरच्या जवानांना आकृती ओळखायला शिकवण्यासाठी ती वापरली जाई. त्यांत शत्रूची विमाने होती, तशी स्वतःचीही होती, कारण चुकून आपलेच विमान पाडले जाऊ नये हीही चिंता होती. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या कार्यशाळेत पॉलिशपेपरने झिरोच्या पंखाचा कोपरा गोल करीत बसला आहे, आणि तो जितका अचूक गोल होईल तितके ते विमान लवकर ओळखले जाईल व पाडले जाईल, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. छंद म्हणून आपण जे करतो, त्याच हालचाली, तीच एकाग्रता. अचूकता ही स्वतः निष्पाप नसते, पापीही नसते. ती कशाची सेवा करते हे विचारावे लागते. युद्ध संपल्यावर हे बहात्तराव्या हिश्शाचे माप जगभरच्या मॉडेलप्रेमींनी उचलले. आज ते वापरताना हे कोणाला आठवत नाही. आठवावे असा आग्रहही मी धरणार नाही.

जपानमध्ये हा छंद फुलला तो शिझुओका शहरात. हे लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेले शहर जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात होरपळले. तामिया ही आज जगभर नावाजलेली कंपनी तेथेच १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली आणि १९६० मध्ये तिने पहिले प्लॅस्टिकचे मॉडेल काढले, ते 'यामातो' या बुडालेल्या युद्धनौकेचे. १९५२ पर्यंत जपानला खरी विमाने बनवण्यास मनाई होती. ज्या राष्ट्राने युद्धात सर्वस्व गमावले त्याच्या मुलांनी त्याच युद्धाची जहाजे आणि विमाने खेळणी म्हणून जुळवली, यात शोक किती आणि गर्व किती, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. हायाओ मियाझाकी यांच्या कुटुंबाचा कारखाना झिरोची सुकाणू बनवीत असे. तेच मियाझाकी युद्धाचे कडवे विरोधक, आणि त्यांनीच २०१३ साली होरिकोशीवर चित्रपट काढला. त्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. एकाच माणसात विमानाचे वेड आणि युद्धाचा तिटकारा राहू शकतो, एवढे तरी त्यावरून दिसते.

एक फरक मात्र नोंदवण्याजोगा आहे. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या जर्मन विमानांच्या खोक्यांवर नाझी स्वस्तिक छापलेले नसते. तेथील कायदा ते होऊ देत नाही. जपानी विमानाच्या पंखावरचे लाल वर्तुळ मात्र कोणी गाळीत नाही, कारण ते आजही त्या देशाच्या ध्वजावर आहे. पाण्यात सोडून, कागदावरून सरकवून ते चिन्ह पंखावर बसवतात तेव्हा क्षणात सारे विमान जिवंत होते. चीन किंवा कोरियातील वृद्ध मनुष्याला त्याच क्षणी काय वाटेल, हा विचार प्रतिकृती करणाऱ्याला टाळता येतो. स्वस्तिकाच्या बाबतीत कायद्याने टाळू दिलेला नाही.

कोरियाचा उल्लेख केला तो उगीच नव्हे. १९४४ साली कोरियातून कोवळ्या वयाच्या मुली, काही जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या, 'जपानमध्ये शिक्षण मिळेल' असे सांगून नागोयातील मित्सुबिशीच्या विमान कारखान्यात आणल्या गेल्या. शाळा नव्हतीच. त्यांपैकी काहींनी वृद्धपणी दिलेल्या साक्षींतून त्यांचे काम आपल्याला कळते: विमानाचे सुटे भाग थिनरने पुसणे, त्यांवरचा गंज काढणे, आणि त्यांना रंग देणे. ७ डिसेंबर १९४४ च्या भूकंपात कारखान्याच्या इमारती कोसळल्या आणि त्यांतल्या काही मुली तेथेच गाडल्या गेल्या. ज्या वाचल्या त्यांना मजुरी मिळाली नाही. दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने त्यांना भरपाई द्यावी असा निर्णय दिला तो २९ नोव्हेंबर २०१८ रोजी. घटनेला चौऱ्याहत्तर वर्षे उलटली होती.

त्या मुलींनी रंगवलेले भाग झिरोचे होते की त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या विमानाचे, हा तपशील येथे गौण आहे. मला खिळवून ठेवते ती गोष्ट निराळी. रंगाची नेमकी छटा कोणती यावर ज्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला, पत्र्याचे तुकडे तपासले, दोन कारखान्यांच्या हिरव्यांतला भेद शोधला, त्या आम्हा मंडळींच्या चर्चेत 'हा रंग कोणी दिला?' हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. रंग कळला, ब्रश धरणारा हात कळला नाही. आणि हाताची हालचाल तर तीच आहे. आपणही थिनरने भाग पुसतो, म्हणजे बोटांचा तेलकटपणा जाऊन रंग धरतो. त्याचा वास डोक्यात चढू लागला की आपण उठून खिडकी उघडतो. त्या मुलींना उठण्याची परवानगी नव्हती.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की अशी मॉडेल्स करूच नयेत. तो मला मान्य नाही. वाईटाच्या कामी आलेली वस्तू नजरेआड केल्याने वाईट कमी होत नाही. फक्त अज्ञान वाढते. फक्त रुग्णवाहिका आणि शेतीचे ट्रॅक्टर यांच्याच प्रतिकृती कराव्यात असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींना त्या आसनाची भोके कधीच दिसणार नाहीत. माझी तक्रार बारकाव्याच्या अतिरेकाविषयी नाही, त्याच्या अपुरेपणाविषयी आहे. एंजिनाच्या नळकांड्यांतून निघालेली काजळी आम्ही पंखाच्या मुळाशी हळुवारपणे फवारतो. पायऱ्यांजवळचा रंग उडालेला दाखवतो, कारण वैमानिकाचे बूट तेथे घासत. वस्तूवरच्या खुणा इतक्या निष्ठेने दाखवणाऱ्याने माणसांवरच्या खुणांपाशी येऊन थांबावे, ही निष्ठा अर्धी झाली. सत्याचे प्रेम एकदा पत्करले की ते रिव्हेटपाशी थांबवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या संग्रहालयात प्रवेशाच्या दालनातच एक झिरो उभे आहे. नीट डागडुजी केलेले, हिरवेगार, तकतकीत. कागोशिमा जिल्ह्यातील चिरान येथे, जेथून आत्मघाती हल्ल्यांची विमाने सुटत, दुसरे एक झिरो ठेवले आहे. ते समुद्राच्या तळातून वर काढलेले. पत्रा खाऱ्या पाण्याने खाल्लेला आहे, शेपटीकडचा भाग नाही, रंगाचा मागमूस नाही. दोन्ही विमाने अस्सलच आहेत. बहुतेक प्रतिकृती पहिल्या झिरोच्या होतात, आणि ते स्वाभाविकही आहे.

प्रदर्शनात किंवा स्पर्धेत मॉडेल मांडतात तेव्हा शेजारी एक छोटे कार्ड ठेवण्याचा रिवाज आहे. त्यावर विमानाचे नाव, माप, मॉडेल कोणत्या कंपनीचे आणि रंग कोणते वापरले एवढे लिहितात. माझ्या झिरोच्या कार्डावर मी आणखी एक ओळ लिहिली आहे: असे विमान नागोयात १९४४ साली बनत असताना तेथे कोण राबत होते, ती. एका स्नेह्याने ती वाचून तक्रार केली की यामुळे पाहणाऱ्याचा आनंद नासतो. मनुष्य विमान पाहायला येतो, खटल्याचा निकाल वाचायला नव्हे. मी त्यांना म्हटले, आनंद थोडा नासतो हे खरे. त्यांनी पुन्हा वाकून विमानाकडे पाहिले, चाकांच्या खोबणीतला निळसर लेप कसा साधला ते विचारले, आणि मी त्यांना चांदीच्या रंगापासून सुरुवात करून सांगू लागलो. कार्ड तसेच ठेवले आहे.